निकेलच्या पापुद्र्याचा सत्कार रद्द करण्याबाबत

अमरावती,
९ नोव्हेंबर १९६३

तीर्थरूप पुंजाराममामांना देवमनचा नमस्कार. (साष्टांगच घालतो आहे, तेवढीच तोंड लपवायची सोय.) आपले गुडघे कसे आहेत? मामींचा खोकला? कापसाची पहिली वेचणी आटोपली असेल. इकडे मी धडधाकट आहे आणि सध्या त्याचीच पंचाईत झाली आहे. आजारी असतो तर सत्कार निदान पुढे ढकलता आला असता. मामा, तो सत्कार रद्दच करा. तेल्हाऱ्याचा बँड सांगून ठेवला असेल तर एखाद्या लग्नाकडे वळवा.

मागे कळवलं होतं तेच थोडक्यात पुन्हा सांगतो. काचेवर मॅग्नेशियम ऑक्साइडचा थर द्यायचा, हवा काढून घेतलेल्या काचेच्या घंटेखाली त्यावर निकेलच्या वाफेचा पापुद्रा चढवायचा आणि तो किती पातळ झाला म्हणजे त्याचं चुंबकत्व संपतं ते पाहायचं, हे माझं संशोधन. काच एका दांडीला अडकवून बारीक धाग्यानं चुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगायची. जितकी फिरेल तितकं चुंबकत्व. दसऱ्यानंतर माझी काच अशी काही फिरायला लागली की काय सांगू! पापुद्रा निम्मा केला, तेवढीच फिरे. पाव केला, तरी तेवढीच. मी जाहीर करून टाकलं की धातू मोजक्या अणूंएवढा पातळ झाला तरी चुंबकत्व रतीभरही कमी होत नाही. आपण ते गावभर केलंत (निकेल म्हणजे काय, असं गावात कुणी विचारलं नाही हे त्यांचे उपकार).

आमच्या प्रयोगशाळेत धर्मपाल म्हणून मदतनीस आहेत. बार्शीटाकळीचे, पन्नाशीचे. त्यांनी एकदा निकेल न चढवलेली काच टांगून पाहिली आणि मला म्हणाले, "सर, काच कोरी हाये, तरी बी तेवढीच फिरून राहिली." मी म्हणालो, "तुले काय समजते त्यातलं?" (वयानं ते माझ्या दुप्पट आहेत.) पुढे नागपूरला माझ्या मार्गदर्शकांनी माझ्या काचा त्यांच्या यंत्रात टांगल्या, तर सगळ्यांत पातळ पापुद्र्याच्या काचा जागच्या हलल्याही नाहीत. त्यांनी कळवलं, तुमच्याकडे कुठे तरी मळ आहे. मळ म्हटल्यावर मी दुसरीकडे पाहिलंच नाही. धर्मपाल अस्वच्छ हातांनी काचा हाताळतात, अशी लेखी तक्रार प्राचार्यांकडे केली. ज्यांच्या घराण्याच्या हातांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या हेच बोललं गेलं आणि सात वर्षांपूर्वी बौद्ध होऊन ज्यांनी ते सगळं मागे टाकलं, त्यांच्याबद्दल हे मी लिहिलं, आणि घोटीव अक्षरात लिहिलं. अठरा तारखेच्या सोमवारी चौकशी आहे. बहुधा त्यांची नोकरी जाईल.

काल मी ती दांडी धुवायला काढली. मागच्या बाजूला टिळा होता. खंडेनवमीला मीच लावलेला. नवं अवजार पुजताना त्याला आपल्या शेतातल्या मातीचा टिळा लावायचा ही आपल्या घरची रीत, आणि मामींनी पुडी बांधून दिलेलीच होती. (वर्गात मी अंधश्रद्धेवर व्याख्यानं देतो, म्हणून दार लावून घेतलं होतं.) आपल्या काळ्या मातीत लोखंडाचे कण असतात. तिच्यात लोहचुंबक फिरवून लहानपणी मला ते दाखवलंत आपणच. निकेलचा पापुद्रा तर डोळ्यांनाही धड दिसत नाही. महिनाभर मी हिवरखेडच्या वावराचं चुंबकत्व मोजत होतो. मामा, मला फार लाज वाटते. टिळ्याची थोडी, तक्रारीची फार.

आपला,
देवमन

ता. क. – खरं काम राहिलंच. आपण संस्थेच्या मंडळावर आहात. प्राचार्यांना सांगून ती तक्रार गुपचूप फाडून टाकता येईल का? टिळ्याचं कुठे निघू नये. पुरावा नाही एवढं म्हटलं की धर्मपालही सुटतील आणि मीही.

आणखी एक ता. क. – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात धर्मपाल आपला लेखी खुलासा दाखवायला घरी आले. त्यात एकच ओळ होती : कारण सांगता येत नाही. मला राहवलं नाही, टिळ्याचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "मले ठाऊक होतं, सर. सांगाले आलो त तुमी ऐकूनच नाही घेतलं. अन् पूजेची माती मी पुसली असती त अजून एक तक्रार झाली असती." पाणीसुद्धा न घेता गेले. तेव्हा मामा, वरची ता. क. रद्द. कुणाला काही फाडायला सांगू नका. सोमवारी सगळ्यांसमोर मीच सांगतो. आपण मंडळातर्फे तिथे बसणारच. तेवढा वेळ कृपा करून माझ्याकडे बघू नका.