अर्णकचं पुढे काय झालं?

किहीम,
१९ जानेवारी २०२५, रविवार

लाडके सुचू,

पुण्यात थंडी फार आहे असं बाबा म्हणाले. स्वेटर घालतेस ना? इकडे सगळं ठीक. वालाला शेंगा चांगल्या धरल्यात, बाबांचा गुडघा सध्या कुरकुरत नाही आणि पाहुण्यांच्या दोन्ही खोल्यांचे शनिवार-रविवार मार्चपर्यंत भरलेत.

आईचं पत्र बघून दचकली असशील. फोनवर तू "बाबांना दे" म्हणतेस, मीही मुकाट्याने देते. बारा वर्षं असंच चाललंय. मला ते आता नको झालंय, म्हणून लिहायला बसले.

आधी गंमत ऐक. तुझी आई कादंबऱ्या वाचायला लागलीय! त्याही जादूच्या नि मायावी राक्षसांच्या! दिवाळीत मुंबईची एक मुलगी पुढच्या खोलीत उतरली होती. जाताना उशीखाली जाडजूड पुस्तक विसरून गेली. फोन केला तर म्हणाली, "मावशी, माझं वाचून झालंय, तुम्हीच ठेवा." कव्हर बघितलं आणि ओळखलं. 'ताम्रपटाचा वाचक', भाग पहिला. तुझ्या कपाटात होतं तेच. आठ दिवस फ्रीजवर ठेवून दिलं, हात लावला नाही. का, ते पुढे लिहिते.

नवव्या दिवशी दुपारी उघडलं, ते भात करपला तेव्हाच खाली ठेवलं. काय ग तो अर्णक! अंगात जोर नाही, चष्म्याशिवाय दिसत नाही, हातात तलवार दिली तर स्वतःच्याच पायावर पाडून घेईल. पण कोणालाच येत नाहीत अशा जुन्या लिप्या वाचतो. समुद्रातला मायावी अख्ख्या बंदराला वेठीला धरतो, मोठमोठे सरदार शेपूट घालतात, आणि हा पठ्ठ्या तीनशे वर्षांपूर्वीचा करार शोधून त्यातलं एक कलम त्याच्या तोंडावर वाचून दाखवतो. मायावी गप्प! मी स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. शेजारची बायजाकाकू खिडकीतून म्हणते, "येडी झालीस काय गो?" आता तिलाही दुपारी वाचून दाखवते. तिला अक्षर ओळखता येत नाही, पण अर्णकवर भारी जीव. "त्याला कुनी जेवाया तरी घाला," म्हणते.

मग अलिबागला जाऊन वाचनालयात नाव घातलं. तिथल्या बाईंना म्हटलं, असाच हुशार, अभ्यासू माणूस असलेलं द्या, नुसती मारामारी नको. त्यांनी 'नक्षत्रांची कैदीण' दिलं. वाचलं नसशील तर जरूर वाच. तुरुंगातली बाई भिंतीवर कोळशाने गणित मांडून ग्रहणाची वेळ काढते आणि राजाची खोड मोडते. फक्त लेखकाने भर अष्टमीला उधाण आणलंय. उधाण अमावास्या-पौर्णिमेचं, अष्टमीला कुठलं आलंय? एकदा आपल्या किनाऱ्यावर उभं करायला हवं त्याला. तेवढं सोड, पुस्तक झकास आहे.

झालं. आता मूळ गोष्ट टाळायला निमित्त उरलं नाही.

तुझ्या पुस्तकांना वाळवी लागली नव्हती, सुचू. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती आणि तू अभ्यासाच्या वहीत घालून तीच वाचत होतीस. त्या जानेवारीत आपण वाडीत पोपटी लावली, आठवतं? वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्डीचा पाला भरून मडकं उलटं मांडलं, पण विहिरीपाशी पडून झावळ्या दमट झाल्या होत्या, जाळ धरेना. तू क्लासला गेली होतीस. मी आत गेले, तुझे तिन्ही भाग आणले आणि पानं फाडून फाडून जाळात घातली. वक्तृत्वाच्या बक्षिसातून घेतलेली तुझी पुस्तकं. बाबा नको नको म्हणत होते. मला मात्र तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. तू आलीस, पोटभर खाल्लंस आणि म्हणालीस, "आई, आज काय मस्त झालीय ग!" मी तुला आणखी वाढलं.

चार दिवसांनी कपाट रिकामं दिसलं तेव्हा वाळवीचं सांगितलं. तू रिकाम्या फळीवरून बोट फिरवून बघितलंस. त्यानंतर तू घरात गोष्टीचं एकही पुस्तक आणलं नाहीस आणि मला एकही गोष्ट सांगितली नाहीस. आधी मी भाकऱ्या थापताना शेजारी उभी राहून सांगत असायचीस. मी कधी धड ऐकलं नाही.

तुला तेव्हाच कळलं असेल कदाचित. तरी माझ्या तोंडून कळायला हवं होतं. चुकलं माझं. फार चुकलं.

पहिला भाग संपतो तिथे अर्णक बुडालेल्या ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरतो आणि त्याचा कंदील विझतो. पुढचं पान नाही. बायजाकाकू रोज विचारते, "मग त्याचं काय झालं?" बाबा म्हणतात, मोबाईलवरून मागवतो, दोन दिवसांत दारात येईल. वाचनालयातही पुढचे भाग आहेत. पण मी आणत नाही. जे तुझ्या हातातून काढून जाळलं, ते स्वतःला विकत आणून सुखाने वाचायचं, हे मला जमत नाही. तुला वाटलं तर तूच सांग. एका दमात सांग नाहीतर महिनाभर पुरवून सांग, मी मध्ये बोलणार नाही. नाही सांगावंसं वाटलं, तर तेही तुझं बरोबर आहे.

पुढचं काहीच ठाऊक नसलेली,
तुझी आई