खेळाच्या तीन वह्या

ता. ८-२-७६, रवि.
विहारातून वंदना करून घरी आले, तर नामदेव भाऊजी आणि शेजारच्या कौसामावशी आधीच येऊन बसलेले. हे खाटेवर. छपरावर टिनं टाकताना पडले त्याला नऊ महिने झाले. ट्रकची ड्रायव्हरी सुटली, आणि पडल्या-पडल्या ह्यांच्या डोक्यातून हा खेळ निघाला. पट नाही, सोंगट्या नाहीत. ज्यानं त्यानं एक माणूस व्हायचं. वाटेत काय आडवं आलं ते हे सांगणार, आपण काय करतो ते आपण सांगायचं. भाऊजी व्यापारी, मावशी वैदीण, मी टपालवाला. नियम सगळे पहिल्या वहीच्या दीड पानात, माझ्या अक्षरात. कोण जगलं, कोण मेलं, ते ह्यांच्या तोंडावर.
आज दरोडेखोरांनी व्यापारी मारला. "बायकोले सोडतं अन् मलेच मारतं काय बे?" भाऊजी चपला घालून गेले. शाळेपासूनचे दोस्त दोघं.

ता. १०-३, बुध.
चौथीचे पेपर तपासायचे राहिलेत, आणि मी दुसरी वही उतरवून काढतेय. ह्यांनी लाल शाईनं वर लिहिलं, 'आवृत्ती दुसरी'. आता पाच कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तसं नशीब. मेलेल्याला दुसरा माणूस होऊन परत येता येईल. "आता कोनाले बोलाले जागाच नाई," म्हणाले. भाऊजींना निरोप धाडला. आले, हसत.
मनगट दुखतंय.

ता. ११-४, रवि.
व्हायला नको होतं ते झालं. वैदीण आडाण नदी ओलांडत होती. पाचही कवड्या पालथ्या. बुडाली.
मावशीनं वैदिणीचं नाव सुमन ठेवलं होतं. बाळंतपणात गेली ती त्यांची लेक. मी ह्यांच्याकडं पाहिलं, हे वहीकडं. "नियम हाये, मावशी."
"हाये तर हाये." उठल्या. चहा तसाच.
मागून हे म्हणाले, मी आपल्या मनानं सांगत होतो तेव्हा वाचवली असती.

ता. २०-६, रवि.
तिसरी वही. नव्वद पानं. सगळे मिळून एकाला एकदा वाचवू शकतात, हा मावशीसाठीचा नियम. तो चांगला. पण त्यामागं नदीचे आठ प्रकार, घोड्याची भूक, धुकं... सगळं मीच उतरवलं. मावशी आल्या, सुमन परत मिळाली. पण भाऊजी कंटाळले. "एक नाला ओलांडाले अर्धा घंटा? पयल्या वहीत मजा होती."
"पयल्या वहीतच तर तू उठून गेल्ता," हे म्हणाले.
खरं दोघांचंही.

ता. ७-७, बुध.
भाऊजींच्या बैलबंडीत ह्यांना मंगरूळला नेलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता उभं राहायला पाहिजे, नाहीतर पाय कायमचे जातील. कुबड्या घेऊन आलो. वाटेत हे धुक्याच्या नियमाबद्दल बोलत होते.
घरी आल्यावर कुबड्या पुढं केल्या. "आधी वही पुरी होऊ दे."
"मंग चौथी काढसान?"
ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. शाळा, स्वयंपाक, ह्यांची अंघोळ, वही. किती दिवस, कोण जाणे.

ता. १-८, रवि.
तिसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर न विचारता लिहिलं : 'सांगणारा दर रविवारी बदलेल. ह्यांनाही एक माणूस घ्यावा लागेल.'
ह्यांनी सगळ्यांदेखत वाचलं आणि वही अंगणात फेकली. "खेळ माहा हाये!"
मावशीनं उचलली, पदरानं पुसली. "तुहा होता रे बापू. आता आमी बी खेळून राह्यलो ना."
ह्यांनी जेवण टाळलं.

ता. ५-८, गुरू.
बोलत नाहीत. मी शाळेतून आले तर वही ह्यांच्या छातीवर उघडी. शेवटचं पान फाडलेलं नाही.

ता. ८-८, रवि.
दुपारी हेच म्हणाले, "बरं. सांग तू."
मला धड सांगता येईना. विचारलं, तुमचा माणूस कोण?
"ड्रायवर."
कुठं आहे?
"घरीच हाये. खाटीवर."
म्हटलं, दारात गाडी येऊन उभी राहिली. काय करता?
भाऊजी काही बोलणार होते, मावशीनं त्यांचा हात दाबला. मग हे हळूच म्हणाले, "उंबऱ्यापर्यंत जायाले किती उताण्या लागतात?"
तिन्ही वह्या माझ्या हातच्या. कुठंच नाही. ह्यांनाही माहीत होतं.
"वहीत नाई," मी म्हटलं. "तुमी सांगा."
"दोन." मग कुबड्यांकडं पाहून, "नाई, थांब."
कवड्या ह्यांच्या मुठीत. अजून टाकल्या नाहीत. हे मी चुलीपाशी बसून लिहितेय. बाहेरच्या खोलीत भाऊजी-मावशी अजून बसून आहेत.