खिडकीतला ठिपका

९ जानेवारी

शेवटचं पान साफ झालं! सायलस ड्रमचे सगळे अंक आता एका जाड खंडात येणार. पन्नास वर्षांपूर्वीची भयकथांची कॉमिक्स — स्वस्त कागद, पिवळा पडलेला, शाई फुटलेली. मूळ चित्रं कुठेच नाहीत. छापून झाली की कंपनी ती फाडून टाकायची. म्हणून जुने छापील अंक स्कॅन करायचे आणि पडद्यावर एकेक डाग पुसायचा. माझं काम एवढंच.

सायलस रक्तपिशाच्च खरा, पण फक्त खुन्यांचं रक्त पितो, आणि मग कुणाच्या तरी पायरीवर बसून रडतो. भावाचे अंक चोरून वाचायचे तेव्हा मला त्याची भीती नाही, कीव यायची.

१२ जानेवारी

नमुना प्रत घेऊन यंग्सटाउनला गेले, ऑगी ह्रुस्कांकडे. सायलसचे चित्रकार. अठ्ठ्याऐंशीचे, नाकात ऑक्सिजनची नळी. त्यांच्या बायकोने, लोरेनने, दारातच अडवलं.

“त्या पिशाच्चाबद्दल काय ते बोल. टेरेसाचं नाव काढू नकोस, पोरी.”

टेरेसा त्यांची मुलगी. रक्ताच्या कॅन्सरने नवव्या वर्षी गेली. नाव काढू नको म्हणाल्या आणि कॉफी ओतताना स्वतःच सुरू झाल्या. “शेवटी शेवटी ती सारखी खिडकीशी बसायची. शेजारी मी. आणि हा? टेबलाशी! भुतं काढत! तिला पुरलं त्या संध्याकाळीसुद्धा बसला काढायला.” त्यांनी एकही अंक कधी उघडलेला नाही. हे त्या ताठ मानेने सांगतात.

त्या आत गेल्या. ऑगी भिंगातून पानं बघत होते. एक उलटलं, दुसरं, तिसरं. मला वाटलं, काम आवडलंय. मग भिंग खाली ठेवलं.

“मार्गो, तू तिला पुसलंस.”

“कुणाला?”

ऑगींनी सांगितलं, प्रत्येक अंकात गावातलं एक घर असतं. सायलस तिथे कधी शिरत नाही, नुसता समोरून जातो. त्या घराच्या वरच्या खिडकीत शाईचा एक ठिपका. ती.

“लोरेनना माहीत आहे?”

“तिने कधी विचारायला तर हवं.”

१३ जानेवारी

धूळ समजून पुसलं. प्रत्येक अंकात! आमचा साधा नियम आहे — दोन प्रती शेजारी ठेवायच्या. डाग दोन्हींत असेल तर चित्रातला, एकीतच असेल तर धूळ. मी दुसरी प्रत मागवलीच नाही. खिडकी स्वच्छ झाली की मला बरं वाटायचं. चित्राचं भलं करत होते की स्वतःच्या टापटिपीचं कौतुक?

१४ जानेवारी

डेलला फोन केला. प्रकाशक तो.

“ठिपक्यासाठी छपाई थांबवू? अगं बाई, कुणाला दिसणारसुद्धा नाही!”

“एका माणसाला दिसतो.”

“तो माणूस पुस्तक यायच्या आत —” वाक्य अर्धंच सोडून सोमवारपर्यंत मुदत दिली.

१७ जानेवारी

दुसऱ्या प्रती एका संग्राहकाकडून मिळाल्या. “हातमोजे घाल. आणि जवळपास कॉफी ठेवलीस तर आपली ओळख संपली!” सगळे ठिपके सापडले. एकेक परत बसवला.

शेवटच्या अंकावर अडले. टेरेसा गेल्यानंतर काढलेला अंक. माझ्या प्रतीत खिडकीत दोन ठिपके आहेत! दुसरा जरा मोठा, पहिल्याला खेटून. तोही मी पुसला होता. डोळे चुरचुरतायत. दुसरी प्रत उद्या बघते.

१८ जानेवारी

प्रत बघितली. मग ऑगींना विचारायला गेले. ते कालपासून बोलत नाहीत. डोळेही उघडत नाहीत.

१९ जानेवारी

ठरवलं. पानं डेलला पाठवून दिली. बरोबर केलं का?

२९ जानेवारी

ऑगींना टेरेसाशेजारी पुरलं. चर्चच्या हॉलमध्ये कोबीचे रोल, केक, मोठमोठ्याने बोलणारी माणसं. सुधारलेली नमुना प्रत लोरेनच्या हातात दिली. त्यांनी ती उघडली नाही.

“त्या दिवशी मी आतून बघत होते. त्याने भिंग खाली का ठेवलं गं?”

विचारलं त्यांनी! मग मी खिडकीचं सांगितलं. सांगायचा हक्क मला होता का, माहीत नाही. त्या पर्समध्ये चष्मा शोधत राहिल्या.

६ फेब्रुवारी

लोरेनचा फोन. “शेवटच्या अंकात दोघं आहेत.” मग पान उलटल्याचा आवाज. “मी नव्हते गं तिथे. मला बघवायचं नाही. दार लावून पडून राहायचे. तोच बसायचा तिच्याजवळ, आणि ती झोपली की टेबलाशी. पन्नास वर्षं मी लोकांना उलटं सांगितलं. त्याच्यासमोर. आणि त्याने एकदाही —”

दोन प्रतींचा नियम मी त्यांना सांगितला नाही. दुसरा ठिपका एकाच प्रतीत होता.