गॅरेजच्या माळ्याला झरोके

१२ जानेवारी २०२५, रविवार
गॅरेजच्या माळ्यावर चढलो. गोधड्यांच्या ट्रंकेवर पाणी. पाऊस नाही, वर नळ नाही — मग पाणी कुठून? पत्र्याच्या आतून थेंब लोंबत होते.

जितेंद्र आठ दिवसांत तीनदा बोललाय. "दादा, माळ्याक झरोके काढ. हवा खेळाक व्हयी, नायतर फळयो कुसतल्यो." सख्खा भाऊ, शेजारी राहतो, सगळं खरं. पण माझ्या माळ्याची त्याला एवढी काळजी का? गॅरेज घरापासून वीस पावलं लांब. खाली गाडी, वर अडगळ. ना चूल, ना माणूस. अडगळीला हवा कशाला?

१४ जानेवारी
संक्रांत. जितेंद्र तिळगूळ घेऊन आला. पुन्हा झरोके. मी म्हटलं, "तुका काय पडलाहा त्याचा?" त्याने नुसतं सुगंधाकडे पाहिलं. माझ्या बायकोला आपल्या बाजूला ओढतोय.

१६ जानेवारी
कळलं! आमच्या वाडीत तीन घरांनी पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात. एकाने तर गोठ्यावर काढली. जागा आम्हा दोघा भावांच्या नावावर आहे. आज झरोका, उद्या खिडकी, परवा बाहेरून जिना.

१७ जानेवारी
माळ्याच्या दाराला कुलूप. किल्ली माझ्या खिशात.

२० जानेवारी
एक वाटी मीठ गॅरेजात ठेवलं, एक माळ्यावर. बघू कोण खरं बोलतं.

सुगंधा औषध आणायला कट्ट्याच्या बाजारात गेली. अकराला निघाली, यायला दीड वाजला. एका औषधाला एवढा वेळ? "गर्दी होती," म्हणाली. कोणाची, ते सांगितलं नाही.

२३ जानेवारी
खालचं मीठ जरा ओलसर. वरच्याचं पाणी झालंय.

रस्त्यात सुदेश गवंडी भेटला. कोणाचा माळा ते न सांगता पाण्याचं विचारलं. म्हणाला, "काका, रातीचो पत्रो थंड होता. आतली दमट हवा त्येका लागली की पाणी सुटता. रवणारो कोण असो-नसो, समोरासमोर दोन झरोके व्हयेच." मग हसला. "तुमच्याच माळ्याचा ना? दिवाळीनंतर मापां घेतलंय मी."

मापं! मला न सांगता! कोणी बोलावलं होतं विचारलं, तर "घरातसून निरोप इल्लो" म्हणाला आणि गाडीला किक मारली.

२४ जानेवारी
जितेंद्रला त्याच्या अंगणात, खळ्यात गाठलं. "पर्यटक कधीपासून ठरवलेस?"
"दादा, माका तुझो माळो नको."
"मग कोणाक व्हयो?"
"माका इचारू नको. घरात इचार."
त्याच्या घरात जाऊन मी काय विचारणार? त्याची बायको त्याचीच बाजू घेणार.

२८ जानेवारी
सुगंधा फोन घेऊन माडाखाली उभी होती. मी जवळ गेलो तसा तिने बंद केला. कोणाचा विचारलं. "बहिणीचो." दुपारी ती आंघोळीला गेल्यावर फोन पाहिला. बहिणीचाच होता. बाहेर आली तेव्हा फोन माझ्या हातात होता. तेव्हापासून बोललेलीच नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
शेवटी सुदेशला मीच बोलावलं. फळ्या कुजल्या तर नुकसान माझंच. पण झरोके वीतभरच, वर लोखंडी जाळी. खिडकी व्हायची सोयच ठेवली नाही. सुगंधा खाली उभी राहून बघत होती. पाच दिवसांनी तिचा आवाज ऐकला, तोही सुदेशशी. "वारो लागता काय रे थंय वर?"
गोधड्यांची काळजी असेल.

८ फेब्रुवारी
माळा कोरडा. पत्र्याला थेंब नाही, कुबट वास नाही. जितेंद्रचं बरोबर होतं, एवढ्यापुरतं. त्याला सांगितलं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
सुगंधाने सकाळी किल्ली मागितली. हातात गादी, काखेत टेबलफॅन. म्हणाली, "सुदेशाक निरोप मीच धाडलेलो. भाऊजींक सांगाक मीच लावलंय. थंय वर माका कोण इचारूचो नाय, खंय गेललंस, कितक्या वाजता इलंस."

मी किल्ली दिली. जेवायला खाली येईन म्हणाली. किती वाजता, ते विचारलं नाही.