बोटानं ओळखलेलं तेल

दिपाली सूनबाई,

गाडी सुरू करू नको. गियरचं तेल मी सकाळीच काढून टाकलं हाय. टीनाले स्कूटीवर शाळेत सोड. बराबर तेल दुर्गच्या बाजारात भेटलं नाही, म्हणून रायपूरले चाललो.

गाडी झटके खाऊन राहिली ते माह्यामुळंच. जुनी ऑटोमॅटिक गाडी, तिले एकच ठरलेलं तेल चालते. मी दुकानातलं लाल तेल बोटावर घासून पाहिलं अन् टाकलं. प्लांटात तीस वर्षं मशीनचं तेल असंच ओळखलं. तू गाडीचं पुस्तक समोर धरलं, तर तुह्यावरच खेकसलो, म्हटलं, तू मले तेल शिकवून राहिली का.

खरी गोष्ट वेगळी हाय. भूषण वारला तवापासून माह्या पोराचं अक्षर पाहाची हिंमत होत नोती. त्या पुस्तकात ते असंन, हे मले माहीत होतं.

आज उघडलं. पहिल्याच पानावर त्यानं तेलाचं नाव लिहून ठेवलं हाय. खाली लिहिलं हाय, "दिपाली, बाबा बोटानं ओळखाले जातीन. त्याइले हे पान दाखवजो."

तू तर दाखवलं होतं.

बाबा