बिजागरीकडून आत

चि. ठमीस,

बाबांचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, पण तो तू शाळेत होतीस तेव्हापासून कुरकुरतोय. तू वेळेवर जेवतेस ना? (फोनवरच्या तुझ्या "हो"वर माझा काडीचा विश्वास नाही.)

पत्र लिहिण्याचं कारण असं, की तुझ्या कॉम्प्युटरमध्ये मला एक भोक सापडलंय. जाताना तू त्यात दोन खाती केलीस, एक मालकाचं, म्हणजे तुझं, आणि एक साधं, म्हणजे माझं. आईच्या आवाजाची फाइल मालकाकडे कुलपात गेली, कारण आई गेल्यापासून मी दिवसभर तेच ऐकत बसायचो आणि ताट तसंच राहायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. (आहे, पण ती नंतर.) तर मंगळवारी प्रिंटर जोडायला बसलो. प्रिंटर बसवणारा प्रोग्राम मालकाच्या अधिकारात चालतो, आणि त्यात "मदत" असं एक बटण आहे. ते दाबलं की फायलींची खिडकी उघडते, आणि मदतीच्या उत्साहात ती विसरूनच जाते की समोर साधा माणूस बसलाय. तुझ्या पासवर्डला मी हातही लावला नाही. चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली, बाई; कुलूप कितीही भारी असो, मी आधी बिजागरी बघतो.

आत फक्त आईची फाइल उघडली. ती नेहमीसारखी नळवाल्याला झापतेय, आणि मधेच मला म्हणते, "अहो, तुम्ही आधी जेवून घ्या." शंभरदा ऐकलेलं वाक्य, पण या वेळी मुकाट्याने उठलो आणि जेवलो.

आमच्या धंद्याचा दंडक तुला ठाऊक आहे. कुलूप उघडलं, तर आधी मालकाला सांगायचं. म्हणून हे पत्र. तो प्रोग्राम बनवणाऱ्या कंपनीलाही कळव, कारण हे भोक घरोघरी असणार, आणि सगळेच काही बायकोचा आवाज ऐकायला आत शिरणार नाहीत.

तुझे,
बाबा

ता. क. आपल्याकडे प्रिंटर नाही, हे तुझ्या एव्हाना लक्षात आलंच असेल. तीन आठवडे बिजागरी शोधत होतो.

आणखी ता. क. भोक बुजवायला तू स्वतः ये. पण त्याआधी ती फाइल माझ्या बाजूला ठेवशील का गं? मालकी नको मला, मी साधाच बरा. रोज एकदाच ऐकेन, ताट वाढून झाल्यावर.