न झटकलेला पारा

नाना, मी तुमचा थोरला मुलगा; वाणिज्य शाखेचा पदवीधर, सध्या जळगावच्या एका शाळेत कार्यालय अधीक्षक. तुमच्या तापाच्या थर्मामीटरमध्ये राहिलेली तुमची शेवटची नोंद या मे महिन्यात गेली, एवढे कळवण्यासाठी लिहितो आहे.

पारोळ्याच्या शाळेत तुम्ही आम्हाला रसायन शिकवत होतात, आणि वर्गात मी तुमचा मुलगा नसे. चंचुपात्रात पाणी आहे, तुम्ही चिमट्याने त्यात कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या सोडता आहात, काचकांडीने सावकाश ढवळता आहात. थर्मामीटरने ढवळायचे नाही, त्याचा फुगा नाजूक. पारा चढू लागतो. मी न राहवून पात्राला तळवा लावायला जातो आणि तुमची पट्टी टेबलावर आपटते. "हात मागे. हात खरं सांगत नाही." मग सगळ्या वर्गासमोर माझा एक हात गार पाण्यात, दुसरा ऊन पाण्यात, आणि शेवटी दोन्ही एकाच कोमट भांड्यात बुडवायला लावलेत. तेच पाणी एका हाताला ऊन लागले, दुसऱ्याला गार. वर्ग हसला. त्याच तासाला तुम्ही आणखी एक सांगितले होते. प्रयोगशाळेचा थर्मामीटर द्रवात असतानाच वाचायचा, बाहेर काढला की पारा उतरतो. तापाच्या थर्मामीटरच्या नळीला मात्र फुग्याजवळ अरुंद गळा असतो, त्यामुळे झटकेपर्यंत पारा चढला तिथेच थांबतो.

घरीही तीच शिस्त. मला ताप आला की तुम्ही कपाळाला हात लावायचा नाहीत. थर्मामीटर झटकून काखेत द्यायचात आणि घड्याळाकडे बघत उभे राहायचात. आई भाकरी टाकता टाकता उठून पिठाच्या हाताने माझे कपाळ चाचपायची आणि तुम्हाला ऐकवायची, "पोऱ्या शे तो, तुमनं चंचुपात्र नही." त्यावर तुमचे म्हणणे, तव्याजवळून आलेल्या हाताला सगळे गारच लागणार. तुमचे बरोबरच होते. मला तरीही तुमचा हात हवा असायचा.

शेवटच्या आजारात धुळ्याच्या दवाखान्यात तुम्ही हा घरचा थर्मामीटर मागवून घेतलात, कारण तिथल्या यंत्रावर तुमचा भरवसा नव्हता. शेवटच्या नोंदीच्या दुपारी मी तो तुमच्या काखेतून काढला, डोळ्यांच्या रेषेत धरला आणि आकडा सांगितला. तुम्ही मान हलवलीत. मग माझा हात ओढून स्वतःच्या कपाळावर ठेवलात.

"आता सांग, किती?"

"हातानं नाही सांगता येत, नाना."

"बरोबर," म्हणालात. हात मात्र सोडला नाहीत.

तुम्ही गेल्यावर तो थर्मामीटर मी न झटकता डबीत घालून इथे आणला. पारा वर्षानुवर्षे तिथेच होता. जळगावचा उन्हाळा असा, की घरातली हवाच तापलेल्या अंगापेक्षा गरम होते आणि पारा आपोआप चढू शकतो. म्हणून होळी झाली की डबी कपाटातून काढून माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवत आलो. यंदा घराला रंग दिला. सामान हलवताना डबी पत्र्याखालच्या माळ्यावर गेली आणि रंगाच्या गडबडीत माझ्या लक्षात आले नाही. उघडली तेव्हा पारा शेवटच्या रेघेला टेकला होता. तो ताप तुमचा नव्हे, जळगावचा.

आकडा मला पाठ आहे. पण मी आकडा जपत नव्हतो. तुमच्या अंगाच्या उष्णतेने चढलेला पारा जपत होतो, आणि तो आता परत मोजून मिळणार नाही. वाचून झाले की झटकून ठेवावे, ही तुमचीच शिकवण. मी अजून झटकलेला नाही. डबी पुन्हा वाळूत ठेवली आहे, आणि कुठे पाठवण्याजोगे नसल्यामुळे हे पत्र माठाशेजारच्या कोनाड्यातच राहील.

काल डबी उचलली तर गार लागली. हात खरे सांगत नाही, हे ठाऊक असूनही बराच वेळ मुठीत धरून बसलो.

तुमचा थोरला
जळगाव, शाळा उघडण्याच्या आधीचा रविवार